बुरकुंडातून तेल, पेंढ्यातून इंधन

गुऱ्हाळावर काम केलेल्या प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे की, तोडून बरेच दिवस पडलेल्या, आंबूस उसाचा गूळ नीट बसत नाही. तो मऊ पडतो. घरी पाकात लिंबाचे चार थेंब पिळले म्हणजे साखर पुन्हा खडा धरीत नाही, हेही गृहिणी जाणतात. दोन्ही ठिकाणी आम्ल हे पाण्याच्या साहाय्याने साखरेचा रेणू फोडते व स्वतः मात्र खर्ची पडत नाही. अशा पदार्थास उत्प्रेरक म्हणतात.

हाच गुण अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर उपयोगात आणला गेला. आयोवा संस्थानातील सीडर रॅपिड्स येथे क्वेकर ओट्स कंपनीपुढे ओटच्या टरफलांचे ढीग साचत. १९२२ साली तिने ही टरफले सौम्य गंधकाम्लात भिजवून दाबाच्या वाफेने शिजविण्यास आरंभ केला. टरफलांत, मक्याच्या बुरकुंडांत व उसाच्या चिपाडांत पेंटोसान नावाचा भाग असतो. आम्लामुळे त्याची प्रथम साखर बनते आणि त्या साखरेतून पाण्याचे तीन रेणू निघून गेले की फरफ्युरल हे तेलासारखे द्रव्य तयार होते. ते वाफेबरोबर लगेच बाहेर काढावे लागते; आत रेंगाळल्यास त्याचे डांबर होते. वंगण तेल शुद्ध करण्यास ते उपयोगी पडते. तांब्याच्या उत्प्रेरकावर त्याचा हायड्रोजनशी संयोग घडविला की, ओतशाळेतील साच्यांची वाळू घट्ट धरणाऱ्या राळेचा कच्चा माल मिळतो.

आपल्या देशात पानिपत येथे इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करण्याचा कारखाना १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्रास अर्पण झाला. त्याचे तंत्र पुण्याच्या प्राज कंपनीचे आहे. वर्षाला सुमारे २ लाख टन पेंढ्यातून ३ कोटी लिटर इथेनॉल, म्हणजे टनास दीडशे लिटर, असा त्याचा आराखडा आहे. तेथे पेंढ्याचे तंतू तोडण्याचे काम विकरे करतात. विकरे हीही उत्प्रेरकेच. फक्त ती बुरशीसारख्या सजीवांनी घडविलेली असतात.

आता शेतकऱ्याच्या बाजूचा हिशेब पाहू. एक टन भाताच्या पेंढ्याबरोबर ५ ते ६ किलो नत्र व १५ ते २५ किलो पालाश शेताबाहेर जाते. पेंढा जाळल्यास नत्र उडून जाते, पण पालाशाचा बराच भाग राखेत मागे राहतो. विकल्यास तोही जातो. म्हणून गाडीभाडे, गठ्ठे बांधण्याची मजुरी आणि गेलेल्या अन्नांशांच्या खताची किंमत वजा जाता हाती काय उरते, हे विचारूनच सौदा करावा. ग्रामसेवकांनी व कृषी सहायकांनी हा हिशेब शेतकऱ्यास कागदावर मांडून द्यावा. ज्वारीचा कडबा या हिशेबात धरूच नये. त्यास टाकाऊ म्हणणाऱ्याने कधी बैल पाळलेला नसावा. पऱ्हाटी, तुराटी व बुरकुंडे यांची गोष्ट निराळी.

माल देण्याचे ठरल्यास तो कोरडा व स्वच्छ असावा. मातीतील चुनखडी व पेंढ्याची राख आम्ल मारतात, त्यामुळे कारखान्यास आम्ल अधिक लागते आणि मातीचा भाव कोणी देत नाही. ओले गठ्ठे रचल्यास आत बुरशी धरते, गंजी तापते व कधी पेटही घेते. यास्तव गंजी उंचवट्यावर, वस्तीपासून व गोठ्यापासून दूर रचावी आणि दोन गंजींमध्ये गाडी फिरेल एवढी वाट सोडावी.