मातेचे वय, गर्भावस्था आणि बालकाचे जन्मवजन : एक विवेचन

गोषवारा

बालकाचे जन्मवजन हे त्याच्या जगण्याचे, वाढीचे व पुढील आयुष्यातील आरोग्याचे एक महत्त्वाचे निदर्शक मानले जाते. जन्मवजनावर परिणाम करणाऱ्या अनेक घटकांपैकी मातेचे वय हा एक घटक होय. प्रस्तुत लेखात कुमारवयीन आणि पस्तिशीनंतरच्या गर्भावस्थेतील शारीरिक प्रक्रिया, वय व सामाजिक परिस्थिती यांचा परस्परसंबंध आणि महाराष्ट्रातील वस्तुस्थिती यांचे विवेचन केले आहे. मातेचे वय एकटे कार्य करीत नाही. पोषण, शिक्षण व आरोग्यसेवा यांच्याशी ते निगडित असते, तथापि त्याचा स्वतंत्र परिणामही नाकारता येत नाही, असे या विवेचनातून दिसून येते.

महत्त्वाच्या संज्ञा : जन्मवजन, कुमारवयीन माता, रक्तक्षय, बालविवाह, अपुऱ्या दिवसांची प्रसूती

प्रस्तावना

भारतीय समाजात मातेचे वय हा विषय दीर्घकाळ धर्म, रूढी आणि कायदा यांच्या चौकटीत चर्चिला गेला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने संमतीची वयोमर्यादा १० वरून १२ वर्षे केली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ ठरविले, १९४९ मध्ये ते १५ झाले आणि १९७८ च्या दुरुस्तीने १८ वर आले. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने ही मर्यादा कायम ठेवून अंमलबजावणीची तरतूद अधिक कडक केली. २०२१ मध्ये हे वय २१ करण्याचे विधेयक लोकसभेत मांडले गेले; परंतु ते संमत न होता २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाल्याने व्यपगत झाले.

या सर्व चर्चेत विवाहाच्या वयावर जेवढा भर दिला गेला, तेवढा प्रथम मातृत्वाच्या वयावर व त्याच्या जैविक परिणामांवर दिला गेला नाही. म्हणून या प्रश्नाचा शरीरशास्त्रीय व सामाजिक अशा दोन्ही अंगांनी विचार करणे आवश्यक ठरते.

जन्मवजन : संकल्पना व महत्त्व

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार जन्मतः २५०० ग्रॅमपेक्षा कमी वजन असलेले बालक हे कमी वजनाचे बालक होय. १५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनास अतिकमी वजन म्हटले जाते. वजन कमी असण्याची मुख्य कारणे दोन आहेत. पहिले, गर्भावस्थेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी प्रसूती होणे. दुसरे, दिवस पूर्ण भरूनही गर्भाची वाढ खुंटणे. काही बालकांत ही दोन्ही कारणे एकत्र आढळतात. दक्षिण आशियात दुसऱ्या कारणाचे प्रमाण विशेष मोठे आहे. बाळ वेळेवर जन्मते, परंतु गर्भाशयात त्याचे पुरेसे पोषण झालेले नसते.

कमी वजनाच्या बालकास शरीराचे तापमान टिकविणे, दूध ओढणे व जंतुसंसर्गाला तोंड देणे अवघड जाते. त्यामुळे नवजात मृत्यूंमध्ये अशा बालकांचा वाटा मोठा असतो. जी बालके जगतात त्यांच्याबाबतही प्रश्न संपत नाही. ब्रिटिश संशोधक डेव्हिड बार्कर यांनी जन्मवजन आणि प्रौढ वयातील हृदयविकार यांचा संबंध दाखविला. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळील सहा गावांत १९९३ पासून केलेल्या अभ्यासात बालकांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो आढळले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांपेक्षा ते सुमारे ८०० ग्रॅमनी कमी होते. या बालकांचे स्नायू व पोटातील अवयव लहान होते, परंतु चरबी मात्र तुलनेने टिकून होती. पुढील आयुष्यातील मधुमेहाची बीजे या शरीररचनेत असावीत, असा विचार त्यातून पुढे आला.

कुमारवयीन मातृत्व : शारीरिक प्रक्रिया

मासिक पाळी सुरू होणे म्हणजे शरीराची वाढ पूर्ण होणे नव्हे. पाळी सुरू झाल्यानंतरही काही वर्षे उंची वाढत राहते आणि कटिराची, म्हणजे ओटीपोटाच्या हाडांच्या चौकटीची वाढ तर त्याहूनही उशिरा पूर्ण होते. या काळात गर्भ राहिल्यास एकाच शरीरात दोन वाढी एकाच वेळी चालू असतात. लोह, कॅल्शियम, प्रथिने व ऊर्जा यांची गरज मुलीलाही असते आणि गर्भालाही असते.

अशा वेळी आईचे शरीर गर्भाला प्राधान्य देते, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेतील कॅम्डेन येथे झालेल्या अभ्यासातून मात्र वेगळे चित्र दिसले. ज्या मुलींची स्वतःची वाढ चालू होती, त्यांचे गर्भावस्थेतील वजन चांगले वाढूनही त्यांची बालके वाढ पूर्ण झालेल्या मातांच्या बालकांपेक्षा हलकी होती. अल्पवयीन मेंढ्यांवरील प्रयोगांतही भरपूर आहार दिल्यावर तो आईच्या शरीरवाढीकडे वळला. वारेची वाढ खुंटली व कोकरे लहान जन्मली. केवळ आहार वाढविल्याने वयाची उणीव पूर्णतः भरून निघत नाही, हा यातील महत्त्वाचा बोध होय.

याशिवाय कुमारवयीन मातांमध्ये गर्भावस्थेतील झटके, प्रसूतीनंतरचा गर्भाशयाचा जंतुसंसर्ग आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती यांचा धोका अधिक असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २९ देशांतील प्रसूतींच्या माहितीवरून केलेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात हे स्पष्ट झाले आहे.

वय की परिस्थिती?

येथे एक रास्त आक्षेप उपस्थित होतो. कमी वयात माता होणाऱ्या मुली बहुधा गरीब, अल्पशिक्षित व कुपोषित असतात. शिवाय त्यांचे बाळंतपण बहुधा पहिलेच असते आणि पहिले अपत्य पुढील अपत्यांपेक्षा सरासरी १०० ते २०० ग्रॅमनी हलके असते. मग कमी वजनाचे कारण वय मानावे की परिस्थिती?

या प्रश्नाच्या उत्तरासाठी दोन अभ्यास उपयुक्त ठरतात. अमेरिकेतील युटा राज्यातील १३ ते २४ वर्षे वयाच्या मातांचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्या मुली विवाहित होत्या, ज्यांचे शिक्षण वयानुरूप झाले होते व ज्यांना प्रसूतिपूर्व सेवा पुरेशी मिळाली होती, त्यांचा स्वतंत्र विचार केला गेला. तरीही कमी वयाच्या मातांमध्ये कमी जन्मवजन व अपुऱ्या दिवसांची प्रसूती यांचा धोका अधिक आढळला. दुसरा अभ्यास ब्राझील, ग्वाटेमाला, भारत, फिलिपीन्स व दक्षिण आफ्रिका या पाच देशांतील १९,००० हून अधिक मातांचा असून तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आर्थिक स्थिती, मातेची उंची, अपत्यक्रम इत्यादी घटक विचारात घेऊनही १९ वर्षे व त्याखालील मातांच्या बालकांत कमी वजन, दोन वर्षे वयाला खुंटलेली उंची आणि अपुरे शालेय शिक्षण यांचे प्रमाण अधिक दिसले.

यावरून वयाचा स्वतंत्र परिणाम आहे, पण परिस्थितीने तो कित्येक पटींनी वाढतो, असे म्हणता येईल. पुण्याजवळील गावांचा अभ्यास याची दुसरी बाजू दाखवितो. तेथील मातांचे सरासरी वय सुमारे २१ वर्षे होते, म्हणजे बहुसंख्य माता कुमारवयीन नव्हत्या. तथापि गर्भावस्थेपूर्वी त्यांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलोच होते. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा घेत होत्या, त्यांची बालके तुलनेने मोठी होती. केवळ विवाहाचे वय वाढविणे पुरेसे नाही. मुलीच्या ताटात काय पडते, हेही तितकेच निर्णायक आहे.

पस्तिशीनंतरची गर्भावस्था

उच्च शिक्षण, नोकरी व उशिरा होणारे विवाह यांमुळे शहरी मध्यमवर्गात पस्तिशीच्या आसपासची पहिली प्रसूती दुर्मीळ राहिलेली नाही. स्त्रीची सर्व बीजांडे तिच्या जन्मापूर्वीच तयार झालेली असतात. त्यांचे विभाजन मध्येच थांबून अनेक वर्षांनी पूर्ण होते. वय वाढत जाते तशी या विभाजनात गुणसूत्रांची वाटणी चुकण्याची शक्यता वाढते. डाउन सिंड्रोम असलेले बाळ जन्मण्याचे प्रमाण मातेच्या ३५ व्या वर्षी साधारणतः ३५० त एक, तर ४० व्या वर्षी १०० त एक असे असते. गर्भपाताचे प्रमाणही वयानुसार वाढते.

जन्मवजनावर या वयाचा परिणाम मात्र दुहेरी असतो. उच्च रक्तदाबामुळे वारेचा रक्तपुरवठा कमी होऊन बालक हलके राहू शकते, तर गर्भावस्थेतील मधुमेहामुळे ते प्रमाणाबाहेर वजनदार होऊ शकते. म्हणजेच सरासरी वजन सामान्य दिसले तरी दोन्ही टोकांचा धोका कायम असतो. उपरोक्त पाच देशांच्या अभ्यासात ३५ वर्षांवरील मातांमध्ये अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचे प्रमाण अधिक होते. परंतु त्यांच्या मुलांची उंची व शिक्षण तुलनेने चांगले होते. प्रौढ मातेचे अनुभव, शिक्षण व आर्थिक स्थैर्य यांचा लाभ अपत्यास मिळतो, हे त्यामागचे संभाव्य कारण होय.

महाराष्ट्रातील वस्तुस्थिती

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) २० ते २४ वयोगटातील ज्या स्त्रियांचा विवाह १८ वर्षांपूर्वी झाला, त्यांचे प्रमाण देशात २३.३ टक्के व महाराष्ट्रात २१.९ टक्के होते. म्हणजे सामाजिक सुधारणांचा दीर्घ वारसा असलेल्या या राज्यात पाचपैकी एकीहून अधिक मुलींचा विवाह कायद्याच्या मर्यादेपूर्वी झाला होता. याच सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचे आढळले. अनेक मुली गर्भावस्थेत प्रवेश करतात तेव्हाच त्यांच्या शरीरात लोहाची तूट असते. गर्भ राहिल्यानंतर सुरू केलेल्या गोळ्यांनी ती लवकर भरून निघत नाही.

मराठवाड्यातील ऊसतोड मजुरांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. पती-पत्नीच्या जोडीला 'एक कोयता' मानून मुकादमाकडून उचल दिली जाते. स्थलांतराच्या काळात वयात आलेल्या मुलीला गावी कोणाजवळ ठेवायचे, ही चिंताही असते. अशा स्थितीत लवकर विवाह हा कुटुंबाला अज्ञान नव्हे, तर व्यवहार वाटतो. पुढे गर्भावस्थेचे महिने फडात जातात. मोळ्या वाहण्याचे कष्ट, अपुरा आहार व खंडित तपासणी यांचा भार कोवळ्या वयावर पडतो.

यात नोंदीची अडचणही लक्षात घ्यावी लागते. अल्पवयीन विवाह हा गुन्हा असल्याने कुटुंबे मुलीचे वय वाढवून सांगतात किंवा नावनोंदणी उशिरा करतात. परिणामी ज्या मातेस सर्वाधिक काळजीची गरज असते, तीच आरोग्यसेवेपासून दूर राहते.

उपाय व महाविद्यालयांची भूमिका

कमी वजनाचे प्रत्येक बालक दगावतेच असे नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने प्रशिक्षित गावकरी स्त्रियांमार्फत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली. या प्रयोगात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. ऊब, स्तनपान व जंतुसंसर्गावर वेळीच उपचार ही त्याची सूत्रे होती. तथापि हे उपाय जन्मानंतरचे आहेत. मूळ प्रश्न त्याआधीचा आहे.

या बाबतीत महाविद्यालयांचे स्थान विशेष आहे. बारावी ते पदवीचे दुसरे वर्ष या टप्प्यावर अनेक विद्यार्थिनींची नावे हजेरीपटावर राहतात, पण त्या वर्गात दिसत नाहीत. या गळतीमागे विवाह हे एक कारण असते. हिमोग्लोबिन तपासणी, आहारविषयक मार्गदर्शन, विवाहानंतरही शिक्षण चालू ठेवण्याची मुभा आणि पालकांशी थेट संवाद हे उपक्रम राष्ट्रीय सेवा योजना व महिला विकास कक्षामार्फत सहज राबविता येतात. विद्यार्थ्यांनाही यात सहभागी करून घ्यावे, कारण पहिल्या अपत्याचा निर्णय एकट्या स्त्रीचा क्वचितच असतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, विशीचे व तिशीच्या आरंभीचे वय हे मातृत्वास शारीरिकदृष्ट्या तुलनेने सुरक्षित आहे. कुमारवयात मुलीची अपूर्ण वाढ, तर पस्तिशीनंतर रक्तदाब, मधुमेह व गुणसूत्रदोष हे धोक्याचे मुख्य कारण ठरते. परंतु दोहोंत एक मूलभूत फरक आहे. पस्तिशीनंतरची माता बहुधा स्वतः निर्णय घेऊन, वैद्यकीय देखरेखीखाली या टप्प्यावर येते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीस हा पर्यायच मिळालेला नसतो. म्हणून वयाविषयीची चर्चा मातेस दोष देण्यासाठी नव्हे, तर तिला शिक्षणाची, पोषणाची व निर्णयाची आणखी काही वर्षे मिळवून देण्यासाठी व्हावयास हवी. ती वर्षे मिळाल्यास त्यांचा लाभ तिच्याबरोबरच पुढील पिढीलाही होईल.