रुग्ण प्रवासी की संशयित?

आपल्या देशातील अनेक विमानतळांवर सुरक्षा तपासणीच्या दाराशी लावलेला एक फलक प्रवाशांनी वर्षानुवर्षे पाहिलेला आहे. राष्ट्रपती, पंतप्रधान, सरन्यायाधीश, राज्यपाल, मुख्यमंत्री अशा ज्या पदाधिकाऱ्यांना अंगझडतीतून सूट आहे, त्यांची ती यादी. कोणतेही पद नसलेल्या एका व्यक्तीचे नाव त्या यादीत कसे, यावरून मोठा वाद झाला आणि अखेर २०१५ साली ते नाव वगळण्यात आले. त्या वादाचे प्रयोजन आता उरलेले नाही. पण त्या फलकाने एक गोष्ट सिद्ध केली आहे : शासनाच्या मनात असेल, तर तपासणीचा नियम निःसंदिग्ध शब्दांत लिहून, सर्वांना दिसेल अशा जागी लावता येतो. मग ज्याच्या छातीत पेसमेकर आहे, जो दिवसातून चार वेळा इन्शुलिन टोचून घेतो, ज्याचा एक पाय कृत्रिम आहे किंवा ज्याला नळीवाटे द्रवाहार घ्यावा लागतो, त्याची तपासणी कशी होईल हे तितक्याच ठळकपणे सांगायला काय हरकत आहे?

येथे प्रारंभीच एक खुलासा केला पाहिजे. रुग्णांना वा अपंगांना तपासणीतून सूट द्यावी, असे कोणीही जबाबदार माणूस म्हणणार नाही. हवाई सुरक्षेचा प्रत्येक नियम कोणत्या तरी भीषण घटनेतून, किंवा थोडक्यात टळलेल्या अनर्थातून, जन्माला आलेला आहे. सप्टेंबर १९७६ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचे अपहरण झाले, त्यानंतर १९७८ साली नागरी विमान वाहतुकीच्या सुरक्षेसाठी स्वतंत्र कक्ष निर्माण झाला. जून १९८५ मध्ये ‘कनिष्क’ विमानातील ३२९ जण बाँबस्फोटात मृत्यू पावले आणि १९८७ साली त्या कक्षाचे स्वतंत्र खाते झाले. डिसेंबर १९९९ मधील कंदाहारच्या अपहरणानंतर विमानतळांचे रक्षण केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवण्यास सुरुवात झाली. परदेशात २००१ साली एकाने बुटात स्फोटके दडवली, तेव्हापासून बूट काढावे लागू लागले. २००६ साली लंडनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आला, तेव्हापासून १०० मिलिलिटरची मर्यादा आली. हे नियम कोणाच्या लहरीतून आलेले नाहीत, आणि त्यांच्यामुळेच आपण निर्धास्तपणे विमानात बसतो.

तथापि, या सर्व नियमांनी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती अशी की, प्रवाशाचे शरीर एकीकडे असते आणि त्याचे सामान दुसरीकडे. शरीर चौकटीतून जाते, सामान पट्ट्यावरून जाते. ज्यांच्या शरीराचा काही भाग धातूचा, प्लास्टिकचा किंवा रबराचा आहे आणि ज्यांचे जगणे पिशवीतील एका कुपीवर अवलंबून आहे, त्यांना ही विभागणी लागू पडत नाही. अशा माणसांची संख्या थोडकी नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदवले गेले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर असल्याचे दाखवले. त्यातच विमानप्रवास ही आता धनिकांची मिरास राहिलेली नाही. परदेशी असलेल्या मुलीच्या बाळंतपणासाठी निघालेली आई, बेंगळुरूला नोकरी करणाऱ्या मुलाकडे जाणारे निवृत्त शिक्षक, दिल्ली-चेन्नईला शस्त्रक्रियेसाठी जाणारा रुग्ण हे सारे आज त्याच रांगेत उभे आहेत. वय आणि व्याधी यांची जोडी आयुष्याच्या उत्तरार्धात सहसा सुटत नाही.

शरीर आणि सामान

या प्रवाशांच्या अडचणी काय आहेत हे तपशिलाने पाहिले, म्हणजे प्रश्न केवळ सौजन्याचा नाही हे ध्यानात येते. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावे लागते आणि एकदा गोठले की ते निकामी होते. विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात ते ठेवले तर गोठण्याचा धोका असतो. शिवाय ती बॅग चुकून दुसऱ्या गावी गेली, तर रुग्णाच्या जिवाशी गाठ पडते. म्हणून सुया, कुप्या आणि बर्फाची थैली त्याने हातातच बाळगली पाहिजे, आणि नेमक्या याच वस्तू तपासनिसाच्या नजरेत भरतात. पेसमेकर बसवलेल्याने धातुशोधक चौकटीतून न रेंगाळता पुढे जाण्यास सहसा हरकत नसते, पण हातातला धातुशोधक त्याच्या छातीवर धरून ठेवणे योग्य नाही. इन्शुलिनचे पंप आणि रक्तशर्करा मोजणारे संवेदक बनविणाऱ्या काही कंपन्या ती उपकरणे क्ष-किरण यंत्रातून वा पूर्णदेह स्कॅनरमधून नेऊ नका, असे बजावतात. श्वसनाच्या रुग्णाची गोष्ट आणखी निराळी. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फुटांवर आहे. विमानातील हवेचा दाब मात्र ८ हजार फुटांपर्यंतच्या उंचीवर असावा इतका विरळ असू शकतो. प्राणवायूचे स्वतःचे नळकांडे बरोबर नेता येत नाही, म्हणून हवेतून प्राणवायू गोळा करणारे विजेरीवरचे यंत्र न्यावे लागते. आणि त्याच्या जादा बॅटऱ्या सुरक्षेच्याच कारणाने सामानात न टाकता हातात ठेवाव्या लागतात.

यांपैकी कोणतीही गोष्ट अवघड शास्त्र नाही. ती अर्ध्या दिवसाच्या प्रशिक्षणात शिकवता येईल आणि एका पानावर लिहिता येईल. न लिहिल्यामुळे होते एवढेच की, रुग्णाला प्रत्येक विमानतळावर, प्रत्येक पाळीतील प्रत्येक जवानाला, आपल्या आजाराचे व्याख्यान नव्याने द्यावे लागते. आणि तेही मागे उभ्या असलेल्या पन्नास अनोळखी माणसांच्या देखत.

कागदावरचा नियम, रांगेतला अनुभव

ऑक्टोबर २०२१ मध्ये नृत्यांगना व अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी आपली व्यथा जाहीरपणे मांडली, तेव्हा हा प्रश्न देशभर चर्चिला गेला. १९८१ सालच्या अपघातानंतर त्यांना पाय गमवावा लागला. जयपूर फूट बसवून त्या पुन्हा नाचू लागल्या आणि त्यांच्या जीवनावर ‘मयूरी’ हा चित्रपट निघाला. अशा सर्वपरिचित कलावतीलाही दर वेळी विमानतळावर कृत्रिम पाय काढून दाखवावा लागत होता. त्यांची मागणी काय होती? आपल्याला सोडून द्यावे अशी नव्हे, तर स्फोटकांचा अंश ओळखणाऱ्या यंत्राने पायाची तपासणी करावी अशी. सुरक्षा दलाने दिलगिरी व्यक्त केली आणि कृत्रिम अवयव केवळ अपवादात्मक परिस्थितीतच काढावयास सांगावा असा नियम असल्याचे सांगितले. म्हणजे नियम होता. तो रांगेपर्यंत पोहोचला नव्हता. ज्या जयपूरने जगाला हा पाय दिला, त्याच जयपूरच्या विमानतळापासून फेब्रुवारी २००० मध्ये या दलाच्या हवाई सुरक्षेच्या कामास प्रारंभ झाला होता, हा योगायोग मनाला चटका लावणारा आहे.

न्यायालयांनीही याबाबत मौन पाळलेले नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये मेंदूच्या पक्षाघाताने बाधित असलेल्या जीजा घोष या कार्यकर्त्या अपंगांच्या प्रश्नांवरील परिषदेसाठी कोलकात्याहून गोव्यास निघाल्या असता त्यांना विमानातून उतरवण्यात आले. मुंबईच्या ‘अडॅप्ट’ संस्थेसह त्यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि मे २०१६ मध्ये न्यायालयाने विमान कंपनीला १० लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. त्याच प्रकरणात डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने म्हटले की, मानवी प्रतिष्ठा राखण्यासाठी तपासणीच्या वेळी कृत्रिम अवयव काढावयास सांगू नये, आणि अपंग व्यक्तीला तिच्या संमतीविना उचलणे हे अमानुष आहे. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने प्रवासाची सुगमता हा हक्क मानलेला आहेच. मे २०२२ मध्ये रांचीला एका अपंग मुलाला विमानात घेण्याचे नाकारणाऱ्या कंपनीस ५ लाखांचा दंड झाला आणि नियम अधिक कडक करण्यात आले.

हा दोष केवळ आपल्याच देशाचा आहे असे मात्र नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइटच्या विमानतळावर कर्करोगातून वाचलेल्या एका निवृत्त गृहस्थाच्या पोटावरील मूत्राची पिशवी झडती घेताना फुटली आणि त्याच ओल्या कपड्यांनिशी त्याला विमानात चढावे लागले. पिशवीविषयी तो आधी सांगू पाहत होता; ते कोणी नीट ऐकून घेतले नाही. पुढे त्या यंत्रणेच्या प्रमुखाने त्याची क्षमा मागितली. सुरक्षेच्या दृष्टीने या झडतीतून काय साधले? एक आजारी माणूस भिजला, याखेरीज काही नाही.

उपवास आणि पथ्य

औषधाइतकाच आहाराचाही प्रश्न आहे, आणि येथे आपल्या समाजाचा एक स्वभाव दिसून येतो. धर्माने सांगितलेला आहार आपल्याला चटकन समजतो. एकादशी म्हटले की कोणी पुढे प्रश्न विचारत नाही. जैन भोजन तर विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संकेतांतही स्वतंत्रपणे नोंदलेले आहे. त्याच संकेतांत मधुमेहींचे, कमी मिठाचे आणि ग्लुटेनविरहित भोजनही आहे. साधारणतः २४ तास आधी कळवले तर ते मिळू शकते. पण व्यवहारात उपवासाला जो मान मिळतो, तो पथ्याला मिळत नाही. पथ्य म्हणजे नखरे, अशी एक समजूत आहे. ज्याला सिलिअॅक हा आतड्याचा विकार आहे, त्याला गव्हाचा अल्पसा अंशही अपाय करतो. ‘एक पोळी खाल्ली तर काय होते’ हे त्याला सांगण्यात अर्थ नाही. ज्याची रक्तशर्करा एकाएकी उतरली, त्याला १५ ग्रॅम साखर त्या क्षणी हवी. रांग संपल्यावर नव्हे.

असा प्रवासी शिदोरी घेऊन निघतो. त्याची ज्वारीची भाकरी घन पदार्थ म्हणून पट्ट्यावरून पार होते. पण आंतरराष्ट्रीय प्रवासात ताक, पेज, वरण किंवा नळीवाटे द्यावयाचा द्रवाहार १०० मिलिलिटरपेक्षा जास्त असला की अडतो. ब्रिटन व अमेरिकेच्या नियमांत आवश्यक औषधे, तान्ह्या मुलाचे दूध आणि वैद्यकीय कारणास्तव लागणारा द्रवाहार यांना या मर्यादेतून वगळलेले आहे. अमेरिकेने तर २०१६ साली स्वतंत्र कायदा करून आईचे दूध आणि त्याची उपकरणे कशी तपासावीत याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना देणे बंधनकारक केले. सवलत द्यायची, पण तपासून द्यायची, हे तत्त्व तेथे कायद्याने मान्य झाले आहे.

काय करता येईल

पहाटे चार वाजता शेकडो प्रवाशांची रांग समोर असताना उभ्या असलेल्या जवानाला दोष देणे सोपे आहे. ते न्याय्य मात्र नाही. त्याने एखाद्याला सोडले आणि काही विपरीत घडले तर शिक्षा त्याला. त्याने एखाद्याचा अपमान केला तर बहुधा काहीच घडत नाही. अशा स्थितीत कोणताही माणूस कठोरपणाच पत्करील. म्हणून सद्सद्विवेकाचे ओझे त्याच्या एकट्याच्या खांद्यावर न टाकता ते लेखी नियमाने उचलले पाहिजे. कृत्रिम अवयव, पंप किंवा पिशवी यांची तपासणी प्रथम स्फोटकांचा अंश शोधणाऱ्या पट्टीने करावी. अवयव काढण्याची वेळ आलीच, तर ती बंद खोलीत, समलिंगी कर्मचाऱ्याकडून, सोबतचा माणूस हजर असताना, आणि कारण लेखी नोंदवून. डॉक्टरांच्या प्रमाणपत्राचा एकच नमुना सर्व विमानतळांवर ग्राह्य असावा. जी व्याधी डोळ्यांना दिसत नाही ती ओळखू यावी म्हणून लंडनच्या गॅटविक विमानतळाने २०१६ साली सूर्यफुलाच्या चित्राची गळपट्टी सुरू केली. आपल्याकडे बेंगळुरूनेही ती स्वीकारली आहे. ती सर्वत्र का असू नये? आणि हे सारे मराठी, हिंदी, इंग्रजी वा त्या त्या राज्याच्या भाषेत तपासणीच्या दाराशी लिहिलेले असावे.

प्रवाशाचीही काही कर्तव्ये आहेत. औषधे मूळ वेष्टनात, चिठ्ठी व प्रमाणपत्रासह हातातल्या पिशवीत ठेवावीत; चाकाची खुर्ची वा अन्य साहाय्य लागणार असेल तर ४८ तास आधी विमान कंपनीला कळवावे; घरून थोडे आधी निघावे; आणि उपकरणाविषयी झडतीपूर्वीच, शांतपणे, स्पष्ट सांगावे. आपले काही दडवायचे नाही हे त्यातून आपोआप सिद्ध होते. पण त्याने इतके केल्यावर पुढची जबाबदारी यंत्रणेची आहे.

या सुधारणांनी सुरक्षा सैल होईल, ही भीती निराधार आहे. लाज आणि घाई यांच्या दडपणाखाली झालेली तपासणी कधीच चांगली नसते. शांतपणे, ठरलेल्या रीतीने केलेल्या तपासणीत खोटा प्रमाणपत्रधारी अधिक सहज सापडेल आणि खऱ्या रुग्णाची वेळही वाचेल. पदाधिकाऱ्यांची यादी भिंतीवर लावण्यास आपल्याला अडचण आली नाही. त्याच भिंतीवर आणखी एका फलकापुरती जागा निश्चितच आहे.