माळ्यावरचा वेताळ : कॉमिक्सच्या घरगुती संग्रहांची किंमत

जिभाऊंचे घर विकायला निघाले तेव्हा माळा रिकामा करण्यासाठी काकूंनी मला बोलावले. मे महिना होता आणि पत्र्याखाली हात लावला तरी चटका बसत होता. धुळ्याच्या जुन्या वस्तीत गल्ल्या नंबरांनी ओळखल्या जातात. त्यांतल्याच एका गल्लीत जिभाऊंचे गोष्टीची पुस्तके भाड्याने देण्याचे दुकान होते. शाळेत असताना दिवसाला दहा पैसे देऊन मी तिथून पुस्तके आणत असे. दुकान बंद होऊन पंचवीस-तीस वर्षे झाली, जिभाऊही गेले. माळ्यावरच्या पेटीत इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांचे सात बांधीव खंड निघाले. आठव्याची वाळवीने माती केली होती. जिभाऊंची देवघेवीची वहीही त्यातच होती. "ह्या कागदे कसाले जपीसन ठेवस रे भाऊ? रद्दीवालाले दी टाक," काकू खालून म्हणाल्या. मी रद्दीपेक्षा थोडे बरे पैसे दिले आणि पेटी मोटारसायकलला बांधून घरी आणली.

पुढच्याच महिन्यात मुंबईच्या एका संग्राहकाचा फोन आला. त्याला सातांपैकी दोन खंडांतले फक्त पाच अंक हवे होते. माझ्या रिवायंडिंगच्या दुकानाच्या दोन महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम तो देत होता. अट एकच, की खंड उसवून अंक सुटे करून पाठवायचे. या लेखाचे कारण तो फोन आहे. अशा अंकांची किंमत कशाने ठरते, हे त्यानंतर मी नीट शोधू लागलो.

आधी थोडा इतिहास. इंद्रजाल कॉमिक्स हे टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीचे प्रकाशन. मार्च १९६४ मध्ये इंग्रजीतून पहिला अंक निघाला. पहिले ३२ अंक निव्वळ ली फॉकच्या फँटमचे होते. हाच आपला वेताळ. नंतर मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप किर्बी वगैरे मंडळी आली आणि १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला. मालिका आधी मासिक, मग पाक्षिक आणि पुढे साप्ताहिक झाली. १९९० मध्ये ती थांबली तोवर ८०३ अंक निघाले होते. क्रमांक १२३ आणि १२४ मात्र संपामुळे छापलेच गेले नाहीत. नवखा संग्राहक या दोन अंकांसाठी वर्षानुवर्षे दुकाने पालथी घालतो आणि जुने लोक त्याची गंमत बघत बसतात.

मराठीसह अनेक भारतीय भाषांत या कथा आल्या. चित्रे अमेरिकेची असली तरी मजकुराला इथली कात्री लागलेली असे. मूळ कथेतला 'बेंगाली' हा देश बंगालशी घोटाळा नको म्हणून 'डेंकाली' झाला. 'सिंग' चाचे 'सिंगा' झाले आणि वेताळाच्या बापाचा खुनी 'रामा' हा 'रामालू' झाला. पहिल्या दशकातली बहुतेक मुखपृष्ठे गोविंद ब्राह्मणिया यांनी रंगवली. मागच्या पानावर भिंतीला लावण्याजोगे चित्र असे. आज बाजारात या मुखपृष्ठांनाच सर्वांत जास्त मागणी आहे.

आता किमतीकडे येऊ. सुपरमॅन प्रथम ज्यात आला तो 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक जून १९३८ चा, किंमत १० सेंट. त्याची एक प्रत एप्रिल २०२४ मध्ये लिलावात ६० लाख डॉलरला गेली. अंक मुळात थोडे छापले होते म्हणून असे घडले नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत घरोघरची रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा झाल्या, त्यांत पोरांची कॉमिक्स आधी गेली. जे उरले तेही वाचून फाटलेले. कोरी प्रत उरली ती कोणीतरी विसरून गेल्यामुळे किंवा विकली न गेल्यामुळे. थोडक्यात, बाकीच्यांच्या नाशातून या एका प्रतीची किंमत तयार होते. तिकडे आता प्रत तपासून ०.५ ते १० असे गुण देतात आणि प्लास्टिकच्या डबीत सील करून टाकतात. डबी फोडली की तो दाखला गेला. म्हणजे लाखाची गोष्ट घरात असते, पण वाचायची सोय नाही. मला हा प्रकार बंद घड्याळ मनगटावर बांधण्यासारखा वाटतो.

आपल्याकडे असे गुण देणारी यंत्रणा रुजलेली नाही, पण गिऱ्हाइकाची नजर तीच. मुखपृष्ठ शाबूत आहे का, मधली पाने सुटली आहेत का, पिना गंजल्या आहेत का, कोणी शाईने नाव लिहिले आहे का, कोड्याची पाने पेन्सिलीने भरली आहेत का? कडा कापलेल्या असतील, वाचनालयाचा शिक्का असेल तर भाव निम्म्याने उतरतो. या कसोटीवर जिभाऊंचे खंड जवळजवळ नापास आहेत. बाइंडरने सहा-सहा अंक एकत्र घेऊन कण्याशेजारी टाके घातले, तिन्ही बाजूंनी कडा कापल्या आणि वर जाड पुठ्ठा लावला. बरीच मुखपृष्ठे नाहीत, कारण जिभाऊ ती काढून दुकानाच्या फळीवर चिकटवत. नवा अंक आला की पोरांना लांबूनच कळे. मुंबईकराला हवे असलेले पाच अंक म्हणजे मुखपृष्ठ चुकून राहून गेलेले पाच.

पण याच खुणा दुसऱ्या बाजूने वाचता येतात. प्रत्येक खंडाच्या शेवटी तारखांचा कागद डकवलेला आहे. एप्रिल-मे महिन्यांत त्यावर तारखांची इतकी दाटी की शेवटी आडव्या नोंदी केल्या आहेत. जून उजाडला की कागद कोरा. बहादूरच्या कथा असलेला खंड सर्वांत झिजलेला आहे, त्याचा कणा दोनदा दुरुस्त झाला आहे. खानदेशातल्या पोरांना कोण जास्त आवडत होते याचा इतका सरळ पुरावा कोऱ्या प्रतीत सापडणार नाही. वेताळाचे खंड त्या मानाने बरे आहेत. हे मला अनपेक्षित होते, कारण माझ्या आठवणीत आम्ही सगळे वेताळाच्याच बाजूचे होतो.

मुखपृष्ठ गेलेल्या अंकाचे वर्ष काढायची रीत सांगतो, कारण अनेक घरांत असेच अंक असतील. इंग्रजी मालिकेत शेवटच्या काही वर्षांत सलग क्रमांकाऐवजी खंड आणि अंक असे आकडे आले. खंडाच्या आकड्यात १९६३ मिळवले की वर्ष निघते. विसावा खंड म्हणजे १९८३. मराठी अंकावर काहीच शिल्लक नसेल तर चित्रे इंग्रजी अंकाशी जुळवावीत. भाषा बदलली तरी चौकटी त्याच असतात. म्हणजे मराठी अंक कोणत्या वर्षाच्या आधीचा असू शकत नाही, एवढे तरी ठरते. आतल्या जाहिरातीही उपयोगी पडतात.

अमर चित्रकथेच्या बाबतीत फसगत जास्त होते, कारण ती पुन्हा पुन्हा छापली गेली. अनंत पै यांच्या या मालिकेचे पहिले दहा क्रमांक परदेशी परीकथांचे होते. राम वाईरकरांच्या चित्रांचा 'कृष्ण' अकरावा. नंतरच्या छपाईत क्रमांकच बदलले आणि कृष्ण ५०१ झाला. '५०१' पाहून कोणी पहिली आवृत्ती म्हणून विकत असेल तर निघून यावे.

कागदाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण ग्राहक येवो न येवो, कागद वाट बघत नाही. कॉमिक्सचा कागद लाकडाच्या लगद्याचा आणि हलक्या प्रतीचा. लाकडातले लिग्निन त्यात राहिलेले असते. उजेड आणि उष्णता लागली की ते पिवळे पडते, कागदात आम्ल वाढते आणि पान मोडताना कट्कन तुकडा पडतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४४ अंशांवर जातो, आणि पत्र्याखालचा माळा त्याहून तापतो. मग पावसाळ्यात तोच कागद ओल धरतो. माळा ही कागद ठेवण्याची सर्वांत वाईट जागा, आणि आपण नेमके तिथेच ठेवतो. खालच्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या कपाटात, जमिनीपासून वीतभर उंच ठेवावे. सेलोटेप कधीही लावू नये. डिंक कागदात उतरून तपकिरी डाग कायमचा राहतो. गंजलेल्या पिना मागच्या बाजूने उघडून अलगद काढाव्यात. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, पॉलिप्रॉपिलीनच्या चालतात. कसर आणि झुरळांसाठी वेखंड किंवा कडुनिंबाचा वाळला पाला ठेवावा. डांबराच्या गोळ्या कागदाला टेकू देऊ नयेत.

रद्दीच्या भावाने घेतलेल्या वस्तूला असे गिऱ्हाईक आले, ही गोष्ट मला टोचत होती. मी काकूंकडे गेलो आणि आकडा सांगितला. विकले तर अर्धे तुमचे, म्हणालो. काकूंनी एक खंड मांडीवर घेतला, कण्यावरून बोट फिरवले आणि सांगितले की बाइंडिंगची खळ त्याच घरी शिजवून देत. त्यात मोरचूद किती टाकायचा हे जिभाऊंना कधी जमले नाही. सात खंडांच्या पुठ्ठ्यांना आतून हिरवट झाक आहे ती त्या मोरचुदाची, आणि कसर लागली नाही तीही त्यामुळेच. आठव्या खंडाच्या वेळी काकू बाळंतपणाला माहेरी होत्या, खळ बाजारातली होती. पैशांचे त्या काही बोलल्या नाहीत. "उसवू नको," एवढेच म्हणाल्या.

धुळ्याला जुन्या कागदाचे मोल कोणी शिकवायला नको. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून दप्तरे जमवत. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड त्यातून झाले. ३१ डिसेंबर १९२६ ला ते इथेच वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ इथे उभे राहिले. वेताळाला मोडीच्या पंगतीला बसवायचा माझा हेतू नाही. पण कोणत्या दप्तरातून कागद निघाला हे कळल्याशिवाय तो अर्धाच वाचता येतो, हे इथल्याच अभ्यासकांची पुस्तके वाचत मी शिकलो.

मुंबईकराला मी पाचही मुखपृष्ठांचे चांगले फोटो पाठवले. तो नाराज झाला. खंड आहेत तसेच आहेत. त्यांतल्या अंकांची यादी मी एका वहीत घातली आहे: कथेचे नाव, इंग्रजी अंकाशी जुळणी, शिक्के, पानांवरची नावे आणि तारखांचा कागद. वाळवीने खाल्लेल्या आठव्या खंडात कोणते सहा अंक होते तेही जिभाऊंच्या वहीवरून कळले आहे. त्यांपैकी चार मला अजून मराठीत पाहायला मिळालेले नाहीत. खानदेशात कोणाच्या घरी जुने मराठी इंद्रजाल असतील तर कळवावे. मुखपृष्ठ नसले, कडा कापलेल्या असल्या, आत पोराने मिशा काढलेल्या असल्या तरी चालेल. पोस्टाने मात्र पाठवू नका, मी येऊन बघून जाईन.