खेड्यातल्या घरी इंटरनेट : तंतू, लहरी की उपग्रह?

नागपूरच्या लकडगंजात विदर्भाच्या जंगलातले सागवान येऊन पडते. जंगलातले लाकूड शहरात आणणे सोपे. शहरातले इंटरनेट जंगलाकाठच्या घरात नेणे तितके सोपे नाही. लकडगंजात खांबावरून काचतंतू थेट दारात येतो. मेळघाटातल्या घराने काय करावे? शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबारा, प्रवेशाची यादी, सारे आता इंटरनेटवर असते. तेव्हा हा प्रश्न चैनीचा उरलेला नाही.

प्रथम चौकशी करावी ती ग्रामपंचायतीत. ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. २०१५ पासून ती ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाते. तंतू पंचायतीपर्यंत पोचला असेल आणि तिथून घरापर्यंत जोडणी मिळत असेल, तर दुसरा विचार करू नये. पूर्ण आंतरिक परावर्तन तुम्ही शिकलाच आहात. काचेच्या गाभ्यातला प्रकाश बाहेरच्या, कमी अपवर्तनांकाच्या थरावर तिरका आदळतो व पुन्हा आत वळतो. उत्तम तंतूत १५ किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक असतो! पावसाची त्याला पर्वा नाही. रस्त्याचे खोदकाम मात्र त्याचा घात करते.

तंतू नसेल तर मोबाईलच्या मनोऱ्याकडे वळावे. ७०० मेगाहर्ट्झ कंप्रतेच्या लहरीची तरंगलांबी सुमारे ४३ सेंटिमीटर, तर २३०० मेगाहर्ट्झची १३ सेंटिमीटर असते. लांब लहर टेकडीच्या कडेवरून अधिक वळते आणि झाडीतूनही अधिक पार होते. ओली पाने लहरी शोषून घेतात. म्हणून उन्हाळ्यात, साग निष्पर्ण असताना घेतलेली परीक्षा जुलैत फसवी ठरू शकते.

परीक्षा कशी घ्यावी? फोनच्या सेटिंगमध्ये सिग्नलची शक्ती डीबीएम या एककात, ऋण अंकांत दिसते. समजा, घरात −११५ आणि छपरावर −८५ आले. फरक अवघा ३० चा वाटतो; पण दर १० ला शक्ती दसपट होते, म्हणजे छपरावर ती घरातल्यापेक्षा हजारपट आहे! अशा वेळी महागडी योजना घेण्यापेक्षा छपरावर अँटेना बसवणे शहाणपणाचे. (जाहिरातीतला वेग मेगाबिटमध्ये असतो, मेगाबाईटमध्ये नव्हे; आठाने भागायला विसरू नका.)

धारणी तालुक्यातले हरिसाल २०१६ साली ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजले. राज्य शासन व मायक्रोसॉफ्ट यांच्या त्या उपक्रमात दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातल्या रिकाम्या कंप्रता वापरण्याची कल्पना होती. कारण वर सांगितलेलेच : लांब लहर झाडीला कमी दबते. पुढे २०१९ च्या निवडणुकीत तिथल्या सोयींवरून बराच वाद झडला. जोडणी सुरू झाल्या दिवशीचा वेग आणि काही वर्षांनंतरचा वेग या वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून जुन्या ग्राहकाच्या घरी, तेही रात्री आठच्या गर्दीत, वेग मोजून पाहावा.

उरला उपग्रह. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. आपला प्रश्न वर जाऊन खाली येणार, उत्तरही तसेच. अशा चार खेपांत सुमारे १,४३,००० किलोमीटर होतात. प्रकाशवेगानेही त्याला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. चित्रफितीतला धडा पाहायला हे चालते, शिक्षकांशी बोलताना मात्र अडखळायला होते. ५५० किलोमीटरवरच्या उपग्रहामार्फत त्याच चार खेपा सुमारे ७ मिलिसेकंदांत होतात. ही सेवा आपल्या भागात मिळते का, हे आधी पाहावे. मुसळधार पावसात दोन्हींचा सिग्नल क्षीण होतो.

यांपैकी काहीही घेतले तरी वीज लागणारच. राउटर १२ व्होल्टवर चालणारा व १० वॅटचा असेल, तर १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी ८४ वॅट-तास देते. कागदावर आठ तास होतात. पण शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण रिकामी करू नये, म्हणून चारच तास धरावेत.