करवंटीच्या कोळशातील वीज

चतुर्थी आटोपली की पेडणे महालातील घरोघरच्या परसात करवंट्यांचा ढीग साचतो. खोबरे नेवऱ्यांत जाते. करवंट्या न्हाणीच्या चुलीत. आम्हीही आजवर हेच करीत आलो. परंतु ह्याच करवंटीला विजेच्या साठवणीत मानाचे स्थान मिळाले आहे, हे परमुलुखी राहणाऱ्या आमच्या वाचकांस सांगावेसे वाटते.

बॅटरीत रासायनिक क्रिया घडते. म्हणून ती भरावयास वेळ लागतो व काही वर्षांत ती थकते. सुपरकपॅसिटरमध्ये विद्युत्‌भारित कण कोळशाच्या पृष्ठभागाला नुसते बिलगतात. त्यामुळे तो काही सेकंदांत भरतो आणि लक्षावधी वेळा वापरता येतो. मात्र तेवढ्याच वजनाच्या लिथियम बॅटरीच्या मानाने त्यात ऊर्जा फारच थोडी मावते. सच्छिद्र कोळशाच्या अशा रचनेचे पेटंट अमेरिकेत १९५७ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या बेकर यांच्या नावे झाले.

सारी मदार पृष्ठभागावर. करवंटीचा कोळसा ८०० ते ९०० अंश उष्णतेत वाफेने चेतविला की त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात. अशा एका ग्रॅमचा पृष्ठभाग १,००० चौरस मीटरांहून अधिक भरतो. म्हणजे चिमूटभर कोळशात पाव एकर जमीन!

ह्यात धातूचे ऑक्साइड मिसळले तर साठवण आणखी वाढते. रुथेनियम उत्तम, पण अतिशय महाग. मँगनीज स्वस्त, गोव्याच्या खाणींनीही ते दिले आहे. त्यातून वीज नीट वाहत नाही, ती उणीव कोळसा भरून काढतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. चंद्रकांत लोखंडे व त्यांच्या विद्यार्थ्यांनी साध्या रासायनिक द्रावणांतून ऑक्साइडांचे पातळ थर चढविण्याचे पुष्कळ काम केले आहे. नारळाच्याच मुलुखात, केरळातील कण्णूर जिल्ह्यात, केल्ट्रॉनचा सुपरकपॅसिटर कारखाना २०२४ साली सुरू झाला.

पेडण्यातही उद्या असेच घडेल, असे आम्ही म्हणत नाही. परसात खड्डा करून कोळसा पाडल्यास धूर तेवढा पदरी पडतो. भट्टी बंदिस्त हवी, कोळसा राखविरहित व एकसारखा हवा. हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. पण गावागावांतून करवंट्या गोळा झाल्या, शिकलेली मुले त्यात पडली, तर नोकरीसाठी गाव सोडणाऱ्यांपैकी चार जण तरी घरी राहतील. आमच्या पिढीला ती संधी लाभली नाही. निदान पुढच्या चतुर्थीला करवंटी चुलीत सारताना क्षणभर हात थांबावा, एवढीच अपेक्षा.