रोप मुळासकट आणा
लेखमाला : साध्या अक्षरांची वही (भाग ९)

पोळा दोन दिवसांवर आला होता. सकाळी साडेसहाला मोबाइलवर गुरुजींचा निरोप : ‘भाऊ, अजेंडा चालत नाही.’ बस्स, एवढेच शब्द. चहा ठेवता ठेवता मी उत्तर पाठवलं, ‘फाइल अजेंड्याच्या यादीत टाकली का?’ दहा मिनिटांनी उत्तर : ‘टाकली.’ मग माझा संशय गुरुजींच्या मराठी शब्दांवर गेला. कामाची खूण म्हणून ते इंग्रजी ‘टूडू’ लिहीत नाहीत, ‘बघायचं’ आणि ‘बघितलं’ असे शब्द त्यांनी ठरवून घेतलेत. म्हटलं, ‘ते शब्द काढून पाहा.’ ‘काढले. तरी नाही.’ तिसरा अंदाज, चौथा अंदाज. नऊ वाजेपर्यंत दोघंही वैतागलो आणि वही होती तिथंच होती.

यात गुरुजींपेक्षा माझं जास्त चुकलं. विचारणाऱ्याचा प्रश्न अर्धा असेल तर जाणत्यानं आधी तो पूर्ण करून घ्यायचा असतो. मी मात्र नाडी न बघताच गोळ्या देत सुटलो. म्हणून तक्त्यांचा ठरलेला भाग पुढं ढकलून आज मदत मागण्याबद्दलच लिहितो.

मधले भाग ज्यांचे चुकले त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘ऑर्ग मोड’ ही इमॅक्स नावाच्या जुन्या संपादकात राहणारी वही. इमॅक्सचा पहिला अवतार १९७६चा, आज आपण वापरतो ते ग्नू इमॅक्स १९८५चं. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातले खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डोमिनिक यांनी स्वतःची टिपणं आणि कामं आवरण्यासाठी २००३ मध्ये ऑर्ग लिहायला घेतलं, आणि इमॅक्सच्या २००७च्या बाविसाव्या आवृत्तीपासून ते त्याच्याबरोबरच मिळू लागलं. फाइल साध्या अक्षरांची. ओळीच्या सुरुवातीला एक फुली म्हणजे मथळा, दोन फुल्या म्हणजे पोटमथळा. मथळ्याला तारीख जोडली की ते काम अजेंड्यात, म्हणजे त्या त्या दिवसाच्या यादीत, आपोआप दिसतं. गुरुजींचं अडलं होतं ते इथंच.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. गाव गोंदिया तालुक्यात, बाघ नदीच्या अंगाला. महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः गोंदिया आणि भंडारा या दोन जिल्ह्यांत, आणि त्यातली एक जोडी गुरुजींच्या शिवारातल्या धानाच्या बांधीत दर पावसाळ्यात घरटं करते. त्या जोडीची वही ते ठेवतात. मारुती चितमपल्लींची नवेगावबांधची पुस्तकं वाचून लागलेली ही सवय. आधी शाळेच्या उरलेल्या वह्यांत लिहीत, आता ऑर्गमध्ये. २० जुलैला त्यांना घरट्यात दोन अंडी दिसली. सारस महिनाभर अंडी उबवतो, पिल्लं निघाली की दिवस-दोन दिवसांत आईबापांमागं चालायला लागतात आणि मग घरटं रिकामं. म्हणून त्यांनी ३१ दिवसांनंतरची, २० ऑगस्टची, आठवण लिहून ठेवली. त्या दिवशी पहाटे अजेंडा उघडला, तर पान कोरं. ‘चालत नाही’मागची कहाणी एवढी होती आणि त्यातलं एक अक्षरही निरोपात नव्हतं.

आपल्याकडं धानाच्या बाबतीत हे सगळ्यांना कळतं. कोणी कृषी सहायकाला नुसतं ‘धान पिवळं पडलं’ असं सांगितलं, तर तो काय सांगणार? पाणी साचूनही धान पिवळं पडतं. जस्त कमी पडलं तरी पडतं, त्याला खैरा म्हणतात. तुडतुड्यानं रस शोषला तरी पडतं. मग तो विचारतो, वाण कोणता, रोवणी कधीची, बांधीत पाणी किती दिवस आहे, खत कोणतं आणि कधी टाकलं. हिवऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जा नाहीतर साकोलीच्या संशोधन केंद्रात, नुसतं पान नेऊन भागत नाही. तुडतुडे बसतात बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर, पानावर ते सापडणारच नाहीत. खोडकिड्याची अळी खोडाच्या आत असते, खोड चिरल्याशिवाय दिसत नाही. गादमाशीचा पोंगा तर शेंड्याकडं दिसतो. म्हणून शहाणा माणूस म्हणतो, रोप मुळासकट आणा. अख्खी बांधी उपटून आणा असं मात्र कोणी म्हणत नाही. एक चूड पुरते, फक्त ती दुखणं असलेली हवी.

वहीचंही तसंच. दुपारी मी गुरुजींना फोन केला आणि म्हटलं, आता मी काही सुचवत नाही. तुम्ही एक नवी फाइल करा. तिच्यात एकच मथळा आणि एकच तारीख, दुसरं काही नको. ती अजेंड्याला दाखवा आणि पान उघडा. तरी कोरंच आलं तर त्या दोन ओळी मला पाठवा. चित्र काढून नको, अक्षरंच पाठवा.

साध्या अक्षरांच्या वहीची खरी सोय इथं कळते. दुसऱ्या एखाद्या अ‍ॅपमध्ये बिघाड झाला तर तुम्ही पडद्याचा फोटो पाठवता, समोरचा तो फोटो डोळे बारीक करून बघतो, आणि तुमची वस्तू त्याच्या हातात कधीच येत नाही. इथं दोन ओळी निरोपात चिकटवल्या की मी त्या माझ्या यंत्रावर उघडू शकतो, मोडू शकतो, दुरुस्त करून परत पाठवू शकतो. दुखणं जसंच्या तसं हातात येतं.

गुरुजींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. त्यांच्या मूळ फाइलीत घरटं कोणत्या शेतकऱ्याच्या बांधीत, कोणत्या बांधापासून किती पावलांवर, हे सगळं होतं. ते कोणालाही पाठवण्यासारखं नाही, मलासुद्धा नाही. सारसाच्या घरट्याचा पत्ता जितक्या कमी तोंडी तितका बरा. छोटी फाइल करताना गुरुजींनी मथळा लिहिला ‘बांधी १ : पिल्लं बघणे’. प्रश्नही उरला आणि गुपितही राहिलं. हिशेबाची वही ठेवणाऱ्यांनी, रुग्णांची किंवा विद्यार्थ्यांची टिपणं ठेवणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. मदत मागताना खरी नावं, खरे आकडे द्यावे लागतच नाहीत. बिघाडाला नावाशी देणंघेणं नसतं.

दोन ओळी माझ्याकडं आल्याच नाहीत. अर्ध्या तासानं फोन आला. ‘भाऊ, नवीत दिसते!’

मग जुनीत काहून दिसत नाही? गुरुजी चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेला माणूस. त्यांनी जुन्या फाइलीतली तारखेची ओळ उचलून नवीच्या खाली ठेवली. एकीखाली एक. वरच्या ओळीतली तारीख रंगीत होती आणि तिच्याखाली रेघ होती, कारण खरी तारीख ओळखली की ऑर्ग तिच्यावर रंग चढवतं आणि तिला अधोरेखित करतं. खालची ओळ नुसतीच काळी. मग त्यांनी अक्षर अक्षर जुळवलं. कंस तेच. वर्ष, महिना, दिवस हा क्रमही तोच. फरक होता आकड्यांचा. नवी तारीख त्यांनी मी शिकवल्याप्रमाणं कळ दाबून कॅलेंडरातून घातली होती, ती इंग्रजी अंकांत उमटली. जुनी त्यांनी मराठी कीबोर्डवर हातानं लिहिली होती, देवनागरी अंकांत, जशी ते फळ्यावर आयुष्यभर लिहीत आले तशी.

संगणकाला मराठी २ आणि इंग्रजी दोन ही एकाच आकड्याची दोन रूपं वाटत नाहीत. युनिकोडमध्ये ती दोन वेगळी अक्षरं आहेत, आणि ऑर्ग तारीख शोधतं ती चार इंग्रजी अंक, आडवी रेघ, दोन अंक, रेघ, दोन अंक या साच्यानं. साच्यात बसलं नाही ते त्याच्या लेखी साधं वाक्य. त्यामुळं चूक झाल्याचा इशारा नाही, तक्रार नाही, पान नुसतं कोरं. गंमत अशी की तारखेपुढचा वार मात्र मराठीत लिहिला तरी चालतो, त्या जागी अंक सोडून कोणतीही अक्षरं ऑर्ग मान्य करतं. मी मराठी शब्दांवर संशय घेतला आणि दोष निघाला मराठी अंकांत. तेही गुरुजींना सापडलं, मला नाही.

ते थोडे रागावलेही. ‘यंत्राला आपले आकडे काहून येत नाहीत?’ यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि त्यांचा राग मला रास्तच वाटतो. साचा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं हे आकडे नव्हते, एवढंच.

असा प्रश्न लहान करताना निम्म्या वेळा उत्तर विचारणाऱ्याच्याच हाती लागतं, हा माझा गेल्या काही वर्षांचा अनुभव. उरलेल्या निम्म्या वेळा निदान समोरच्याला द्यायला एक चूड तयार असते. तिच्यासोबत तीन गोष्टी सांगाव्यात. मी काय केलं, काय व्हावं असं वाटत होतं आणि प्रत्यक्षात काय झालं. ‘चालत नाही’ हा शब्द त्यात नको. कोरं पान आलं, की लाल अक्षरांत काही इंग्रजी उमटलं, की कळ दाबूनही काहीच झालं नाही, या तीन वेगळ्या तऱ्हा आहेत आणि तिन्हींची औषधं वेगळी. इंग्रजी संदेश उमटला असेल तर तो जसाच्या तसा उतरवावा, भाषांतर करून नव्हे. आवृत्तीही सांगावी. आल्ट-एक्स दाबून ‘ऑर्ग-व्हर्जन’ लिहिलं की ती खाली दिसते. ज्यांनी आपल्या मांडणीच्या फाइलीत बरेच बदल केलेत, त्यांनी इमॅक्स एकदा ‘वजा क्यू’ लावून सुरू करावं, म्हणजे त्यात आपली काहीच सजावट येत नाही. तिथं बिघाड नाहीसा झाला तर दोष आपल्या सजावटीत, ऑर्गमध्ये नाही.

माणसाला विचारण्याआधी इमॅक्सलाच विचारावं. हे मी सालेकसा-देवरीकडच्या वाचकांसाठी मुद्दाम सांगतो, कारण पावसाळ्यात तिकडं लाइट आणि नेटवर्क दोन्ही कधी जातील याचा नेम नाही. इमॅक्सची मदत नेटवर नसते, आपल्याच डिस्कवर असते. कंट्रोल धरून एच दाबा, मग के, आणि मग जिच्याबद्दल शंका आहे ती कळ. ती कळ काय करते ते समोर येतं. के ऐवजी एम दाबलं तर ऑर्गच्या कळांची यादी येते, आय दाबलं तर ग्रंथालय उघडतं आणि त्यात ऑर्गचा अख्खा हस्तग्रंथ असतो. त्यात पुन्हा आय दाबून एक शब्द लिहिला की सूचीतून नेमकं पान निघतं. नवख्यांसाठीचा धडा कंट्रोल-एच आणि टी वर आहे. जपानीत आहे, थाईत आहे, हिब्रूत आहे. मराठीत नाही. कोणी मनावर घेतलं तर महिन्याभराचं काम आहे, आणि जिल्ह्यात इंग्रजीच्या शिक्षकांची काही कमी नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांची दोन दुखणी हस्तग्रंथात सहज सापडत नाहीत, ती इथंच सांगून टाकतो. पहिलं म्हणजे यंत्राचा कीबोर्ड मराठीवर असताना कळजोड्या चालत नाहीत. इमॅक्सला कंट्रोलसोबत इंग्रजी अक्षर हवं असतं आणि त्याच्यापर्यंत जातं देवनागरी. यावर इलाज म्हणजे यंत्राचा कीबोर्ड इंग्रजीच ठेवायचा आणि मराठी इमॅक्सच्या आतून लिहायचं. कंट्रोल धरून उलटी तिरकी रेघ दाबली की लिपी बदलते. पहिल्यांदा ते पद्धत विचारतं, तिथं देवनागरीची इन्स्क्रिप्ट किंवा आयट्रान्स निवडावी. त्यानंतर कंट्रोलच्या कळा आणि मराठी अक्षरं सुखानं एकत्र नांदतात. दुसरं दुखणं म्हणजे अक्षरांऐवजी चौकोन दिसणं. कंट्रोल-एच आणि पुन्हा एच दाबा. जगभरच्या लिप्यांतले नमस्कार असलेलं एक पान उघडतं. तिथला देवनागरीतला ‘नमस्ते’ नीट दिसला तर तुमचा फॉन्ट ठीक आहे आणि दोष फाइलीत आहे. तिथंही चौकोनच असतील तर आधी फॉन्ट बसवा, फाइलीला हात लावू नका.

गुरुजींच्या जुन्या फाइलीत अशा चाळीसेक तारखा निघाल्या. इमॅक्समध्ये शोधून बदलायची सोय आहे, पण सरसकट बदललं असतं तर टिपणांतले पक्ष्यांचे आकडे, पाण्याची उंची, सगळंच इंग्रजी झालं असतं, आणि ते त्यांना नको होतं. मी म्हटलं, फक्त कंसातलेच अंक बदलणारी एक ओळ लिहून देतो. ते म्हणाले, राहू द्या. संध्याकाळी बसून एकेक तारीख त्यांनी कॅलेंडरातून नव्यानं घातली. पुढच्या वेळेसाठी मी त्यांना एवढंच दाखवलं की तारीख विचारली जाते तिथं अधिकचं चिन्ह, ३१ आणि डी हे अक्षर लिहिलं (आकडा इंग्रजीत) तर आजपासून ३१ दिवसांनंतरची तारीख आपोआप पडते. बोटं मोजायची गरज नाही, आणि लिपी चुकायचीही.

अजेंडा दुपारनंतर सुरू झाला आणि ‘बांधी १ : पिल्लं बघणे’ ही ओळ आजच्या तारखेखाली दिसली. गुरुजी तोवर पायीच जाऊन आले होते. ओळ त्यांनी ‘बघितलं’ केली आणि खाली लिहिलं : एक पिल्लू, दुसरं अंडं अजून तसंच, नर बांधावर उभा.

पुढच्या आठवड्यात राहिलेले तक्ते. देवनागरी अक्षरं आली की तक्त्याच्या उभ्या रेघा वाकड्या का होतात, आणि त्यांवर कोणता फॉन्ट चालतो, ते पाहू. कोणाचा तक्ता वाकडा झाला असेल तर दोनच ओळी कापून ठेवा.