खर्रा, रक्तदाब आणि लकवा

देवरीतल्या पानठेल्यावर प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घालून खसाखसा घोटला जाणारा खर्रा पाहिला, की तंबाखूने बळावणाऱ्या पक्षाघातावरील, शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील एका संशोधनाचे मला हटकून स्मरण होते. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेतील योगेश्वर काळकोंडे प्रभृती संशोधकांनी २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतील मृत्यूंची चौकशी केली, आणि १५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताने झालेले, म्हणजे सर्व कारणांत पक्षाघातच अग्रस्थानी, असा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध केला. लकवा हा शहरातील सुखवस्तूंचा रोग, ही आपली समजूत तिथेच निकालात निघाली.

बत्तीस देशांतील ‘इंटरस्ट्रोक’ अभ्यासाने २०१६ मध्ये दाखवले, की सुमारे ९० टक्के पक्षाघातांचे मूळ दहा आटोक्यात आणता येण्याजोग्या घटकांत आहे. त्यांत उच्च रक्तदाबाचा वाटा सर्वांत मोठा. मधुमेह, धूम्रपान, बैठे जीवन वगैरे त्याच्या मागून येतात, आणि हृदयविकाराची कारणेही बहुतांशी हीच. पंचाईत अशी, की रक्तदाब दुखत नाही, आणि जे दुखत नाही त्यासाठी रोजंदारी बुडवून दवाखान्यात कोण जाणार!

तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोबडी वळली, तर लकवा समजून घड्याळ पाहावे. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या मुदतीतच देता येते, तेही सीटी स्कॅनने रक्तस्राव नाही याची खातरजमा झाल्यावर. ही मुदत आमच्याकडे पुष्कळदा झाडफुंकीत आणि गाडी शोधण्यात सरते.